लाल लाडवाची करणी

सकाळी सहा वाजल्यापासून मंगल कार्यालयासमोर रांग लागली होती आणि रांगेतला प्रत्येक जण दुसऱ्याला एकच प्रश्न विचारत होता.

"झालं का लाल?"

"झालं की! लई लाल. नशीब उघडलं बघा माझं."

सोलापुरातली शिकलीसवरली माणसं आपापल्या संडासातली हकिकत लग्न ठरल्याची बातमी सांगावी तशी ओरडून सांगत होती.

कमलाकरराव मात्र मान खाली घालून उभे होते. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेले सभ्य गृहस्थ. दिवाळीपासून त्यांना शौचातून रक्त जात होतं आणि ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. आपलं निदान आपणच केलं होतं : शेंगाचटणीची उष्णता! या गावात डोकं दुखलं तरी दोष चटणीला. त्यांनी चटणी अर्ध्यावर आणली, ताक वाढवलं. रक्त काही थांबलं नाही, विजार मात्र सैल झाली. "तब्येत झकास उतरवली की, आण्णा," असं लोक म्हणाले, तेव्हा स्वारी खूशच झाली.

आणि श्रावणात या कार्यालयात लालबाबा आले.

"बाळांनो," बाबा माइकवरून गरजायचे, "तुमच्या आतड्यात तीन पिढ्यांची करणी वेटोळं घालून बसलीय! हा लाडू खा. उद्या ती रक्त होऊन बाहेर पडेल. मग माझे पांढरे बत्तासे खा. लाल गेलं की करणी गेली!"

आणि अगदी तसंच व्हायचं. लाडवानं लाल, बत्ताशानं साफ. ज्यांचं लाल होईना त्यांची श्रद्धा कमी ठरायची आणि त्यांना आणखी दोन लाडू मिळायचे. कार्यालयामागच्या शेळीचं तोंडसुद्धा एके दिवशी लालभडक दिसलं. कार्यालयाचे मालक वीरभद्रप्पा यांनी लगेच जाहीर केलं, "शेळीवर बी कुणीतरी करणी केलीय!" शेळीला हार घातला गेला. तो तिनं खाऊन टाकला.

कमलाकररावांची पाळी आली तेव्हा ते बाबांच्या कानाशी पुटपुटले, "महाराज, माझं लाडवाच्या आधीपासूनच लाल आहे."

"वा! तुझी करणी आपणहून निघायला लागलीय. डॉक्टरला दाखवशील तर परत आत जाईल!"

कमलाकररावांना हायसं वाटलं. एवढं सगळं गाव लाल असताना एकट्यानं कशाला घाबरायचं?

त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. शेजारच्या नागव्वांनी प्रेमानं आणून दिलेला लाडू त्यांनी मान राखायला अर्धा खाल्ला. दुसऱ्या दिवशी त्यांचंही लाल झालं. पण बाईंनी करणी शोधण्याआधी काल काय खाल्लं ते आठवलं. उरलेला अर्धा लाडू हुंगून पाहिला. वेलदोड्याच्या आड ओल्या मातीचा वास होता. शेळीचं लाल तोंड आठवून त्या तडक कार्यालयामागं गेल्या, तर शेळी बीटाच्या सालींचा ढीग फस्त करत होती.

बाईंनी मंडईतून पिशवीभर बीट आणलं, किसून थालीपिठं लावली आणि अख्ख्या गल्लीला खाऊ घातली. दुसऱ्या सकाळी त्यांनी कार्यालयात जाऊन वीरभद्रप्पांच्या हातातला माइकच काढून घेतला.

"काल माझ्याकडं थालीपीठ खाल्लेल्यांनी हात वर करा. आता ज्यांचं लाल झालं नाही त्यांनी खाली घ्या."

बहुतेक हात वरच राहिले.

"मी मंत्र म्हटला नव्हता. बीट किसलं होतं. त्याचा रंग पुष्कळांच्या पोटातून तसाच बाहेर पडतो. बीट थांबलं की रंग थांबतो. बत्तासे नुसते तोंड गोड करायला!"

"ही बाईच करणी करते!" बाबा किंचाळले.

"मग करणी मंडईत किलोनं मिळती की वो!" नागव्वा म्हणाल्या आणि मांडव हसून हसून आडवा झाला. दुपारपर्यंत बाबा पसार झाले होते. जाताना वीरभद्रप्पांचा माइकही घेऊन गेले.

सगळ्यांत जास्त हसले कमलाकरराव. घरी येऊन त्यांनी भाकरीवर दणदणीत चटणी घेतली.

"सुटलो बघ! मी उगीच घाबरत होतो. बीटच होतं ते."

सरोजिनीबाईंनी विचारलं, "तुम्हाला लाल कधीपासून होतंय?"

"दिवाळीपासून."

"आणि बाबा कधी आला?"

"श्रावणात."

"मग दिवाळीपासून तुम्ही कुठलं बीट खाताय, अहो?"

कमलाकररावांनी हातातला घास ताटात ठेवला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांना खरी भीती वाटली.

दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात डॉक्टर महेजबीन यांनी सगळं विचारून घेतलं, तपासलं आणि सांगितलं, "मूळव्याध असेल, चीर असेल, आणखीही काही असेल. नुसता रंग बघून बाबाला कळत नाही, तसं मलाही कळत नाही. आत बघावं लागेल."

दुर्बिणीतून मोठ्या आतड्यात एक गाठ दिसली. ती तिथल्या तिथे काढली. अहवाल आला : कॅन्सर नाही, पण गाठ त्या वाटेला लागलेली होती.

"आणखी काही वर्षं चटणीवर खापर फोडत बसला असता," डॉक्टर म्हणाल्या, "तर फार उशीर झाला म्हणून मला सांगावं लागलं असतं."

तेव्हापासून कमलाकरराव कट्ट्यावर बसून ही गोष्ट कुणालाही बेधडक सांगू लागले. एका संध्याकाळी नागव्वा जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आण्णा, माझं लाल न्हाई. काळं हुतंय, डांबरावानी. गुडघ्याच्या गोळ्या खाती न्हवं मी? उठलं की चक्कर येती. पण लाल न्हाई, म्हंजी बरंच की?"

"न्हाई अक्का, ते बरं न्हवं. डाक्टरनी सांगितलंय, असल्या दुखण्याच्या गोळ्यांनी पोटात रक्त झिरपलं की ते काळं हून पडतं," म्हणत कमलाकररावांनी चपला घातल्या आणि रिक्षा थांबवली.

वाटेत नागव्वा पदराआड तोंड लपवून म्हणाल्या, "डाक्टरला कसं सांगू? लाज वाटती."

"मलाबी वाटली, अक्का. त्या लाजेपायी मी मरायला निघालो होतो."

म्हणून सांगायचं ते एवढंच. रक्त थोडं दिसलं तरी डॉक्टरला दाखवा. बीट खाल्लं होतं का ते जरूर आठवा, पण बीटावर ढकलून गप्प बसू नका. वजन उतरत असेल, पोटाची सवय बदलली असेल, तर अंगावर काढू नका. रक्त भरपूर जात असेल, शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, चक्कर येत असेल, तर त्याच घटकेला दवाखाना गाठा. तिथं लाजण्यासारखं काही नाही. आपलं शरीर आपल्याला काही सांगत असतं, ते समजून घ्यायला डोकं आणि डॉक्टर दोन्ही आहेत.