ऑरिनच्या तळघरातला स्वच्छ आवाज

ऑरिन लाहतीने इंटरनेटवरची गाणी स्पीकरपर्यंत पोचवणारी एक डबी घेतली. आकाराने पावाच्या लादीएवढी, किमतीने नव्या पिकअप ट्रकएवढी. त्या जानेवारीत अमेरिकेच्या उत्तर टोकाला आमच्या डलूथमध्ये माणसांच्या मिश्या गोठून तुटून पडत होत्या आणि लाहतींचं छप्पर थेट सोफ्यावर ठिबकत होतं. तेव्हा त्याची बायको व्हर्ना काय म्हणाली ते सांगायला नको. तरी सांगतो.

"सोमवारपर्यंत दुकानदार परत घेतोय ना? मग रविवारी मला एक गाणं ऐकव. दिलेल्या पैशाच्या मोलाचं काही ऐकू आलं तर राहू दे. नाहीतर डबी परत आणि छप्पर नवं."

रविवारी आमची ऐकणारी मंडळी तळघरात जमली: मी, वेंडेल आणि क्लाइड. खुर्ची एकच, बरोबर मध्यावर. आवाज खरा तिथेच लागतो. व्हर्नाला तिथे बसवलं, आम्ही भिंतीला टेकून मयताला आल्यासारखे उभे.

गाणं लागलं. क्लाइडने नाक मुरडलं. विजेतली घाण क्लाइडला ऐकू येते, असं क्लाइडच सांगतो.

"वर फ्रिज चालू आहे. आवाज गढूळ येतोय."

ऑरिनने फ्रिज बंद केला. आवाज खरंच उघडला. मग हरणाच्या मांसाने भरलेला फ्रीझर बंद केला, तर गायिकेच्या कानातलं डूल हललेलं ऐकू आलं. हीटर बंद केला तेव्हा तर तिने दुपारी कांदा खाल्ल्याचंही कळलं. खोटं वाटत असेल तर वेंडेलला विचारा, तो माझ्यासारखाच सज्जन आहे.

"अजून काहीतरी किरकिरतंय," क्लाइड म्हणाला. त्याने कोपऱ्यातल्या दिवे लुकलुकणाऱ्या खोक्याची वायर उपटली. "आता पहिल्यापासून लाव, ऑरिन."

ऑरिनने बटण दाबलं. आम्ही डोळे मिटले.

"आवाजाला काय खोली आहे," वेंडेल पुटपुटला.

"बघ. दोन सुरांमधली जागा कशी मोकळी झाली," क्लाइड म्हणाला.

मीही मान डोलावली. तळघरात आमच्या श्वासांच्या वाफा तरंगत होत्या. घाबरलेल्या ऑरिनने विचारलं, "व्हर्ना, काही ऐकू येतंय?"

व्हर्नाने बराच वेळ डोळे उघडले नाहीत. चेहरा इतका निवलेला तर लग्नातसुद्धा नव्हता.

"राहू दे डबी," ती म्हणाली. "सोफ्यावर बादली ठेवू. लग्न झाल्यापासून या तळघरातून इतकं सुंदर काही आलं नव्हतं. पण यापुढे ऐकायचं ते अस्संच."

तिने क्लाइडच्या हातातली इंटरनेटची वायर काढून घेतली, गुंडाळून खिशात टाकली आणि वर निघून गेली.

ऑरिन खुर्चीत बसला. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "अरे, वाजतंय ना नक्की?"

"शूऽऽ," वेंडेल म्हणाला. "आत्ता कुठे रंगात येतंय."