पाचवी न्हाणी

सणसरला कालव्याकाठच्या दोन एकरांत मानसिंगतात्यांनी कॅरॅव्हॅन पार्क काढला. चाकांवरचं घर घेऊन हिंडणारी शहरी मंडळी इथे गाडी लावून मुक्काम करणार. गावाने पोटभर हसून घेतलं. घर सोबत घेऊन येणाऱ्याला जागा कसली द्यायची! पण गाडीतल्या टाकीचं पाणी दोन आंघोळींत संपतं, हे तात्यांच्या सुनेला, सोनमला ठाऊक होतं. ती इंजिनिअर. चार न्हाण्या, चार संडास तिनेच आखून बांधून घेतले. शॉवर, गुळगुळीत फरशी, सगळं कसं झकपक.

पाहुणे यायला तीन आठवडे होते. आधी कुणीतरी वापरून बघावं म्हणून सोनमने शेजारच्या ऊसतोडीच्या तळावरून साखरबाईला बोलावलं. ती आत गेली आणि बाहेर आली ती बोलतच.

"लुगडं ठिवू कुठं? खुंटी न्हाय. पाय घासाया बसू कुठं? अन् पानी वरनंच पडतंय. रोज डोकं भिजवून थंडीत फडात जाऊ व्हय? फरशीवर तर पाय ठरंना."

सोनमचा चेहरा उतरला. चार वर्षं कॉलेजात घालवून आपण खुंटी विसरलो, याची तिला खरोखर लाज वाटली. तिने खुंट्या ठोकल्या, बसायला कट्टा केला, बादलीसाठी खाली नळ काढला, फरशी खडबडीत घातली.

"तुमी कुठं करता आंघोळ?" तिने विचारलं.

"बैलगाडीच्या आडोशाला. एकीनं आंघोळ करायची, एकीनं लुगडं धरायचं. जाऊ माझ्यासाठी धरती, मी तिच्यासाठी. ती आजारी पडली की माझी आंघोळ ऱ्हाती." साखरबाई नवी कडी लावून-काढून बघत होती. "पाहुनं आल्यावर आमाला हितं बंदी आसंल न्हवं, ताई?"

सोनमने तात्यांना विचारलं.

"न्हाय चालायचं," तात्या म्हणाले. "पाहुणं तक्रार करतील. पहिल्याच दिवशी पार्क बसंल."

"चुका तिनं दाखवायच्या, अन् कुलूप पण तिलाच? तात्या, मला न्हाय पटत."

तात्या उठून मोटर चालू करायला गेले. सोनम कागद घेऊन बसली. उरलेल्या विटांत पाचवी न्हाणी बसत होती. मागच्या भिंतीला लागून, पाणी त्याच टाकीचं, दार मात्र तळाच्या बाजूला. तात्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा.

"पाहुण्यांना दिसायची न्हाय?"

"न्हाय."

"मग गवंडी हाय तवर बांधून घे," ते म्हणाले आणि चष्मा शोधू लागले. चष्मा डोळ्यांवरच होता.

पाहुणे यायच्या आदल्या दुपारी साखरबाई पाचव्या न्हाणीत गेली. आतून कडी लागली. बाहेर तिची जाऊ सवयीने पुढे झाली आणि बंद दारासमोर दोन्ही हात उंच करून लुगडं ताणून उभी राहिली. सोनमला हसू येईना.

आत बादली भरल्याचा आवाज आला.

"अगं, हात खाली घे," साखरबाई आतून म्हणाली. "दार हाय."

तरी जावेने हात लगेच खाली घेतले नाहीत.