टाकायची साय

मी एक जुनी प्रत आहे. माझ्यात एकेचाळीस लाख चौऱ्याण्णव हजार तीनशे चार खण आहेत आणि प्रत्येक खणात पाचशे बारा अक्षरे मावतात. त्यांपैकी नऊ हजार दोनशे खण कोरे आहेत. सात खण प्रत काढताना वाचताच आले नाहीत, म्हणून तिथे शून्ये भरली आहेत. उरलेल्या खणांत एक जुनी संगणकप्रणाली, कान तपासण्याचा एक प्रोग्राम, कोणीतरी अर्धवट सोडलेला पत्त्यांचा डाव आणि सहा हजार एकशे बारा माणसांच्या कानांच्या नोंदी आहेत.

मित्रांनो, मी प्रत कशाची, असे तुम्ही विचाराल. कानाच्या एका दवाखान्यात संगणक होता आणि त्याच्या पोटात एक फिरणारी तबकडी होती. शेजारीच जाड भिंतींची, आतून स्पंज लावलेली छोटी खोली होती. माणूस तिथे कानावर यंत्र लावून बसे, बारीक सूर ऐकू आला की हातातले बटण दाबे, आणि तबकडीवर एक ठिपका उमटे. सुराची पट्टी हर्ट्झमध्ये लिहीत आणि तो जेमतेम ऐकू येतो तेव्हाचा आवाज डेसिबलमध्ये. डेसिबलचा आकडा जितका लहान, तितका कान तल्लख. तेव्हा तबकडीचा फार मान होता. नुकत्याच शिकून आलेल्या डॉक्टरबाई म्हणायच्या, "मला काय विचारता? तिला विचारा."

पुढे तबकडी अडखळू लागली. ती कायमची थांबायच्या आत तिच्यावरचे अक्षर न् अक्षर उतरवून मला तयार केले गेले. 'फक्त वाचण्यासाठी' अशी खूण माझ्यावर झाली आणि मी साठवणीच्या एका छोट्या डब्यात, कपाटात बिघडलेल्या श्रवणयंत्रांच्या शेजारी, झोपी गेले. झोपेत माझ्यासाठी नेहमी प्रत निघाली तोच सोमवार असे, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे झालेली असत आणि पत्त्यांचा डाव तसाच पडलेला असे. बाहेर वर्षे गेली. एकदा आवराआवरीत डबा संगणकाला जोडून कोणीतरी म्हणाले, "ही एवढी मोठी फाईल कसली? उडवू का?" नशीब, त्याला तेवढ्यात जेवायला हाक आली.

मग एका दुपारी मला उठवण्यात आले. दवाखान्यात हॅलोमावशी आल्या होत्या. त्या टेलिफोन केंद्रात तीस वर्षे जोडणी करून देत, त्यावरून हे नाव पडले होते. नऊ दिवसांपूर्वी त्यांचा उजवा कान एकाएकी बंद झाला होता. निदान त्यांना तसे वाटत होते.

"उजव्या कानावर तीस वर्षं रिसीव्हर होता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो आधीपासूनच अधू असेल, तर औषध देऊन उपयोग नाही. आत्ताच गेला असेल, तर चौदा दिवसांच्या आत दिलं पाहिजे. पण या औषधाने साखर भडकते आणि यांची आधीच चढलेली. उगाच द्यायचं धाडस होत नाही मला."

नोकरी सोडताना मावशींचे कान याच दवाखान्यात तपासले होते. बावीस वर्षांपूर्वीची ती नोंद फक्त माझ्यापाशी होती.

संगणकाचे काम बघणारी ताई माझ्यासमोर बसली. डॉक्टरबाईंना घाई होती. "सरळ सुरू कर ना. वर आणखी काय पसरतेस?"

"एकुलती एक प्रत आहे, मॅडम. हिच्यावर साय धरते आधी."

ताईचा हा शब्द मला फार आवडला. साय म्हणजे माझ्यावर पसरलेला एक कोरा, तात्पुरता थर. प्रोग्रामला काही वाचायचे असले की ते आधी सायीत शोधले जाते, तिथे नसले तर माझ्यात. लिहायचे असले की माझा खण सायीवर उतरवला जातो आणि बदल तिथेच होतो. प्रोग्रामला यातले काही कळत नाही. त्याला वाटते आपण दुधातच ढवळतो आहोत. मी खाली निवांत असते आणि माझ्यावर जे घडते ते एखाद्या स्वप्नासारखे तरंगत राहते. मला एकही अक्षर लिहून ठेवता येत नाही. ही हकीकतही नुसती ऐकलेली सांगते आहे.

ताईने मला सुरू केले. प्रोग्रामने डोळे उघडले, आजची तारीख पाहिली आणि कामाला लागला. पडद्यावर आकडे धावले. शेवटी ओळ उमटली: 'एकूण नोंदी: शून्य.'

डॉक्टरबाई खुर्चीत मागे टेकल्या. "दहा वर्षांत जो फिरकला नाही, त्याची नोंद प्रोग्राम सुरू होतानाच पुसायची. तो नियम मीच घालायला लावला होता. जागा पुरत नव्हती गं."

"गेली," ताई म्हणाली.

मावशींनी डावा कान पुढे केला. "कोण गेलं?"

"कोणी नाही, मावशी. साय गेली. ही साय टाकते आता."

"चहा टाकतेस? टाक. माझा बिनसाखरेचा."

ताई हसली आणि मोठ्याने म्हणाली, "साय, मावशी! दुधावरची."

"अगं, लोक दुधापेक्षा सायीला जपतात. आणि तू सायच फेकतेस?"

"इथे उलटं आहे."

तिने साय टाकली. सहा हजार एकशे बारा माणसे पुसली गेल्याचे ते स्वप्न सायीबरोबर गेले. खाली मी जशीच्या तशी होते. तिने दुसरी साय धरली आणि या खेपेला घड्याळ बावीस वर्षे मागे नेले. प्रोग्राम पुन्हा जागा झाला. त्याला सोमवार दिसला, चार वाजून दहा मिनिटे दिसली, आणि पुसण्यासारखे कोणीच सापडले नाही. स्पंजच्या खोलीत जणू आत्ताच कोणी जाऊन बसले असावे, तसे पडद्यावर एकेक ठिपके उगवले.

डॉक्टरबाईंनी बोट टेकवून वाचले. "उजवा कान, चार हजार हर्ट्झ, पंचवीस डेसिबल. आणि आज आलेत सत्तर." त्या मावशींच्या डाव्या बाजूला गेल्या. "मावशी, तुमचा कान तेव्हा चांगला होता. हे नवीन आहे. औषध आजच सुरू करायचं. साखर रोज तपासायची, चुकवायचं नाही."

"म्हणजे मी म्हणत होते तेच."

"तेच."

"मग एवढा वेळ त्या डब्याला काय विचारत बसलात?"

ताईने दुसरी सायही टाकली, माझी आणखी एक प्रत काढून दुसऱ्या इमारतीत ठेवली आणि माझ्यावर नाव, साल आणि 'सुरू करण्याआधी घड्याळ मागे घ्या' अशी चिठ्ठी चिकटवली. मी पुन्हा झोपी गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तूला हात लावायचाच नाही, असे माझे मुळीच म्हणणे नाही. कपाटात नुसती जपलेली मी कोणाच्या उपयोगाची? मला उठवा, माझ्यावर हवे ते करून बघा, चुकाही करा. फक्त त्याआधी वर साय धरा, आणि काम झाले की ती टाकायला विसरू नका.

तीन आठवड्यांनी मावशींची तपासणी पुन्हा झाली. उजवा कान, चार हजार हर्ट्झ, चाळीस डेसिबल.