चाखायचा चमचा

"शुभ रात्री, अरोएराबाई," सकाळच्या लख्ख उन्हात लिंदाउरा झाडापुढे वाकून म्हणाली आणि प्लास्टिकच्या पिशव्या बांधलेल्या हातांनी तिने गुलाबी मिऱ्यांचा घोस खुडला.

"आई, निदान झाडाला तरी फसवू नका," सून जिल्वा हसली.

"नाही फसवलं तर अंगावर उठतं, बये. हिच्याशी उलटंच बोलायचं असतं."

ब्राझीलमधल्या साओ फ्रान्सिस्को नदीच्या मुखाशी सगळेच असं बोलतात. पण गेल्या महिन्यात घाईघाईत लिंदाउराच्या तोंडून सरळसोट 'सुप्रभात' निघून गेलं आणि त्याच दुपारी कालवण चाखताना तिचे ओठ टम्म सुजले. डॉक्टरीणबाईंनी झाडाची गोष्ट ऐकूनच घेतली नाही. "आता या मिरीचा एक दाणा जरी पोटात गेला तरी घसा मिटेल," एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून खाणावळीत जिल्वा चोरून चाखायची आणि भुवई उडवायची; मग लिंदाउरा मीठ टाकायची. एकोणीस वर्षं सांभाळलेली चूल, अशी कशी सोडायची?

दुपारी नारळाच्या दुधात मासा रटरटत होता, वर मिरी ठेचून पेरलेली. मालक वाल्दोमिरो दारात येऊन उभा राहिला.

"शहरातली बारा माणसं बसलीत. चाखलंस?"

"चाखलं की."

"कधी? मी मघापासून इथंच आहे. पूर्वी चाखता चाखता अर्धं पातेलं संपवायचीस." त्याने हसत चमचा भरला आणि तिच्यापुढे धरला.

लिंदाउराने चमचा घेतला. वाफ नाकाशी आली. किती सुरेख वास! चमचा ओठांपर्यंत गेला, तेवढ्यात जिल्वाने तिची बाही घट्ट धरली.

"मला सोसत नाही आता हे," लिंदाउरा म्हणाली. "हिला सोसतं." आणि तिने चमचा जिल्वाच्या हातात दिला.

मालकाने मान खाजवली. "मग चूल हिच्याकडे राहू दे. तू मागे बसून मासे साफ कर."

"मालक, पण आई..."

"पाहुणे खोळंबलेत, जिल्वा."

तीन वाजता जिल्वा मागच्या दारी आली. खवल्यांच्या ढिगाशेजारी बसलेल्या सासूपुढे तिने नुसत्या उकडलेल्या माशाचं ताट ठेवलं आणि पदार्थ कसा झालाय ते कळायची वाट बघत उभी राहिली.

मीठ कमी होतं. लिंदाउराने काटा न् काटा चोखला, ताट निपटून घेतलं आणि म्हणाली, "छान झालंय."