एकविसावं गाव

"आप्पा, हा पोल किती सालचा असेल?" धनश्रीनं जीप थांबवून विचारलं.

आप्पासाहेब खाली उतरले. पोलाला तळवा लावून त्यांनी वर तारांकडे पाहिलं. "एकोणनव्वदचा. म्याच हुबा केलाय. खाली मुरूम लागला हुता, दोन दिस खड्डा खांदत हुतो. हा टिकंल. पर ह्याच्या पल्याडचे सात वाकलेत, त्यांच्यावर नवी तार चढायची न्हाई."

धनश्रीनं ते वहीत लिहून घेतलं. आपलं बोलणं कुणी लिहून घेतंय, हे आप्पासाहेबांना तीन दिवस झाले तरी खरं वाटत नव्हतं.

आप्पासाहेब तिसगावचे निवृत्त वायरमन. एकतीस वर्षं त्यांनी या भागातल्या पोलांवर काढली. कुठली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, कधी गरम होते, कुठल्या ओढ्यात तार लोंबते, सगळं डोक्यात. निवृत्त झाले त्या दिवशी शाल आणि नारळ मिळाला, आणि त्यानंतर त्यांना कुणी काही विचारलं नाही.

मग एका सकाळी धनश्री दारात आली. तिच्या पक्षानं या वेळी तालुकाध्यक्ष सभासदांच्या मतांनी निवडायचं ठरवलं होतं. जो निवडून येईल त्यालाच पुढं विधानसभेचं तिकीट, हे सगळ्यांना माहीत होतं. उमेदवार दोघंच. नृसिंहराव पक्षात तीस वर्षं मुरलेले. ते सांगत होते, सहा महिन्यांत सगळ्यांना चोवीस तास वीज. धनश्री शेतकऱ्याच्या घरची, चौतिशीतली. तिनं एक पुस्तिकाच छापली होती. गावच्या गायरानावर सौर पॅनेल बसवायचे आणि पंपांना रात्रीऐवजी दिवसा आठ तास वीज द्यायची. एकोणतीस गावं, एक वर्ष.

"सभेत फक्त एवढं सांगा, आप्पा, की हे होण्यासारखं आहे," ती म्हणाली होती. "तुमचा शब्द लोक मानतात."

"बघितल्याबिगर न्हाई सांगत म्या," आप्पासाहेब म्हणाले होते. आतून त्यांच्या बायकोनं, रतनबाईंनी, कपाळाला हात लावला होता.

म्हणून ही जीप, ही वही आणि हे तीन दिवस.

शेवटच्या दिवशी दुपारी, एका बाभळीखाली भाकरी खाता खाता त्यांनी हिशोब सांगितला. "अकरा गावं व्हतील वर्सात. बाकीच्या अठरांना तारा बदलाया लागतील, पोल बदलाया लागतील. तीन वर्सं धरा."

धनश्रीचा घास हातातच राहिला. "पुस्तिका वाटून झाली, आप्पा. घराघरात गेलीय."

तिचा भाऊ करण प्रचाराचं बघत होता. तो उसळून म्हणाला, "अठरा गावांची मतं घालवायची का आता? आप्पा, तुम्ही नुसतं 'होईल' म्हणा. कोण मोजायला बसलंय?"

आप्पासाहेबांनी उरलेली भाकरी फडक्यात बांधली. मग हात पुसत म्हणाले, "ज्ञानेश्वर म्हनून जोडीदार हुता माझा. एकदा त्यानं पोलावर चढायच्या आधी इचारलं, लाईन बंद हाय का? मला कुनीतरी फोनवर सांगितलं हुतं बंद हाय. म्या बघितलं न्हाई. म्हनलं, बंद हाय, चढ. उजवा हात गेला त्याचा. मला एका शब्दानं बोलला न्हाई कंदी. पर तवापासनं, सोता बघितल्याबिगर मी कुनाला काय सांगत न्हाई."

करण खाली बघत राहिला. धनश्रीनं वही मिटली आणि ती जीपमध्ये जाऊन बसली. जीप परतीच्या वाटेला लागली. हिची निवडणूक आपण बुडवली, एवढंच आप्पासाहेबांच्या डोक्यात फिरत होतं.

सभा तिसगावच्या मंगल कार्यालयात होती. चारशेवर सभासद. आप्पासाहेब मागच्या रांगेत कडेला बसले. आधी नृसिंहराव बोलले. आवाज भारदस्त, टाळ्या भरपूर. मग धनश्री उठली. तिच्या हातात पुस्तिका होती.

"यात मी एक चूक छापलीय," ती म्हणाली.

तिनं पुस्तिका सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"मी एका वर्षात एकोणतीस गावं म्हणाले. ते होणार नाही. आप्पासाहेब वायरमननी मला एकेक पोल दाखवला. होतील ती अकरा. बाकीच्या अठरा गावांना तीन वर्षं लागतील. ती कोणती, ते मी आत्ता वाचून दाखवते. त्या गावांची माणसं इथं बसली आहेत. त्यांच्या तोंडावर सांगून मग मत मागते."

आणि कितवं गाव कितव्या वर्षी, असं सांगत ती एकेक नाव वाचू लागली. आप्पासाहेब पुढं वाकून ऐकू लागले. एकतीस वर्षांत त्यांनी किती साहेब पाहिले, किती पुढारी पाहिले. चूक नेहमी खालच्या माणसाची असायची. चारशे माणसांसमोर उभं राहून 'माझं चुकलं' म्हणणारं माणूस ते पहिल्यांदाच बघत होते. वर वीस पंखे गरगरत होते आणि त्यांच्याखाली कुणी खोकतसुद्धा नव्हतं.

मधल्या रांगेतून एक म्हातारी उठली. गोजरबाई. डोक्यावरचा पदर सारखा करत तिनं विचारलं, "आमचं गाव कितवं ग, बाई?"

"एकविसावं, मावशी."

"म्हंजी तिसऱ्या वर्सी."

"हो."

"तवर रातीचंच पानी धरायचं. इच्चूकाट्यात."

"हो, मावशी." धनश्रीनं नजर काढली नाही.

गोजरबाई तशीच उभी राहिली. आता ही काय बोलते म्हणून माणसं माना वळवून बघू लागली. "बरं," ती म्हणाली. "कळलं." आणि खाली बसली.

मतदान झालं. चारच्या सुमारास निकाल लागला. नृसिंहराव एकोणीस मतांनी निवडून आले. गुलाल उधळला गेला. धनश्रीनं पुढं होऊन त्यांना हार घातला. नृसिंहरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण त्यांचे डोळे तिच्याकडे जरा जास्तच वेळ राहिले.

आप्पासाहेब बाहेर जीपपाशी उभे होते. धनश्री आली तेव्हा त्यांनी हात जोडले. "माझ्यामुळं झालं, ताई."

"नाही, आप्पा," ती म्हणाली. चेहरा उतरलेला होता, डोळे लाल. "मला आज झोप लागेल."

तेवढ्यात गेटजवळच्या टेम्पोतून गोजरबाई उतरून त्यांच्याकडे आली. टेम्पोत तिच्या गावच्या पाचसहा बाया उभ्या होत्या.

"बाई, तिसरं वर्स म्हनलीस. महिना कंचा?"

"मावशी, मी पडले. मी आता अध्यक्ष नाही."

"ते मी कुठं इचारलं? गायरानाचा ठराव आमची ग्रामसभा करंल. कागद तू कर. महिना सांग."

धनश्रीनं जीपमधून वही काढली. तिनं आप्पासाहेबांकडे पाहिलं. गोजरबाईनंही पाहिलं.

आप्पासाहेबांनी डोळे मिटले. गोजरबाईच्या गावच्या वाटेवरचे, त्या एकोणनव्वदच्या पोलापल्याडचे सात वाकलेले पोल. काळी माती, पावसात चार महिने काम बंद. तारा ओढायला दोन महिने, डीपीला एक. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"मार्च," ते म्हणाले. "मार्च सरता सरता."

"मार्च," गोजरबाई मागं वळून टेम्पोतल्या बायांना म्हणाली.

"मार्च म्हनत्यात," एकीनं दुसरीला सांगितलं. दुसरीनं तिसरीला. टेम्पो हलला आणि धुरळ्यात रस्त्याला लागला.

धनश्रीनं जीपच्या बॉनेटवर वही उघडली, एकविसाव्या गावापुढं महिना लिहिला आणि पेन तसंच धरून विचारलं, "बाविसाव्याचं काय धरायचं, आप्पा?"