रिकाम्या फाइलीचा संशय

मित्रांनो, लशींच्या कोठीला लागून असलेल्या अरुंद खोलीत एक काळी पेटी दिवसभर घुरघुरत असते. ती पेटी म्हणजे मी, या दवाखान्याचा जुना सर्व्हर.

कारखान्यात माझी चाळीस भावंडे माझ्यासोबत एका ओळीत उभी होती. एका बाईने माझे स्क्रू आवळले, दुसरीने मला तीन दिवस अखंड चालवून पाहिले आणि मग मी इथे आलो. इथे लशींची सहा थंड कपाटे आहेत. प्रत्येकाचे तापमान किती आणि दार उघडे की बंद, हे मी दर सेकंदाला एका फाइलीत लिहितो. तिला सगळे ‘लॉग’ म्हणतात. लशी दोन ते आठ अंशांतच टिकतात. फाइलीत त्याबाहेरचा आकडा दिसला की भोंगा वाजवायचा, हेही काम माझेच.

फाइल फुगत जाऊन माझी जागा संपू नये म्हणून दर रविवारी ती आपोआप बदलली जाई. जुनीला तारखेचे नाव मिळे, तिच्या जागी कोरी फाइल येई आणि महिन्यापूर्वीची पुसली जाई.

एकदा भर दुपारी वीज गेली, तेव्हा माझ्या भोंग्यामुळे सगळ्या लशी वाचल्या. माझे फार कौतुक झाले. पण नव्याचे नऊ दिवस! पुढे माझ्या डोक्यावर रिकामी खोकी चढली, जाळीत धूळ बसली. कोण आले, कोणी काय बदलले, हे टिपता टिपता मीही जरा संशयी झालो.

माझी देखभाल करणाऱ्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. कोठी सांभाळणाऱ्या बाई त्यांच्या सख्ख्या वहिनी. वीस वर्षांत त्यांच्या कोठीतली एक कुपीही कधी चुकली नव्हती. तरी एकाच घरातली दोन माणसे एकाच दवाखान्यात, हे काहींच्या डोळ्यांत खुपायचे.

एका शुक्रवारी चष्मेवाल्यांनी पाहिले की माझी जागा भरत आली आहे. फाइल रोज बदलावी आणि जुनी एकच ठेवावी, असा बदल त्यांनी घाईघाईत केला. जाताना काहीतरी राहिले, असा संशय मला आला. पण मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

सोमवारी सकाळी वहिनींनी कुलूप काढले, तर तिसऱ्या कपाटात चौदा अंश. लहान बाळांच्या चारशे लशी वाया गेल्या होत्या. भोंगा वाजलाच नव्हता. दवाखान्याच्या मोठ्या बाईंनी लॉग उघडायला लावला. शनिवारपासून एक ओळही नाही. फाइल कोरी करकरीत.

झाले! कुठेतरी पाणी मुरतेय, असे जो तो म्हणू लागला. वहिनींनी कपाटाचे दार उघडे टाकले आणि दिराने नोंदी पुसल्या, कुंपणानेच शेत खाल्ले, ही कुजबुज जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळीकडे पोचली. मोठ्या बाईंनी वहिनींच्या किल्ल्या काढून घेतल्या आणि त्यांना घरी बसायला सांगितले.

वाईट म्हणजे त्या दोघांनाही एकमेकांचा संशय आला. शनिवारी वहिनी कागद छापायला माझ्यापाशी बसल्या होत्या. त्यांनीच काही दाबले असेल का, असे चष्मेवाल्यांना वाटले. दिराने आपल्याला वाचवायला नोंदी पुसल्या आणि उलट आपल्यालाच खड्ड्यात घातले, असे वहिनींना वाटले. दोन दिवस एका घरात राहून ते एकमेकांशी बोलले नाहीत.

बुधवारी वहिनींना जबाबावर सही करायला बोलावले. मोठ्या बाई त्यांना घेऊन माझ्या खोलीत आल्या आणि चष्मेवाल्यांना म्हणाल्या की हा सर्व्हरच बिघडला असेल, त्याला बंद करून पुन्हा चालू करा. चष्मेवाल्यांनी बटणाकडे हात नेला. पण नोंदी तर माझ्यातच होत्या, आणि बंद होताच त्या कायमच्या जाणार होत्या.

बटण दाबण्याआधी चष्मेवाले सवयीने पुटपुटले की फायली एवढ्याशा आहेत, तरी जागा भरतच चालली आहे.

वहिनींनी पेन खाली ठेवले. “भावजी, कपाट रिकामं दिसतंय आणि वर ठेवायला जागा नाही म्हणता? मग माल आतच आहे. नुसता यादीतून गेलाय.”

चष्मेवाल्यांचा हात थांबला. त्यांनी मला पहिल्यांदाच नेमका प्रश्न विचारला: कोणता प्रोग्राम कोणती फाइल धरून बसला आहे? मी लगेच उत्तर दिले. नोंदी लिहिणाऱ्या प्रोग्रामला फाइल बदलल्याचे कोणी कळवलेच नव्हते. तो इमानेइतबारे जुन्याच फाइलीत लिहीत होता. तिचे नाव पुसले गेले होते, पण त्याने धरून ठेवली होती म्हणून ती जिवंत होती. काखेत कळसा, गावाला वळसा!

चष्मेवाल्यांनी ती जपून उतरवून घेतली आणि तिघेही वाचू लागले. शनिवारी दुपारपासून सोमवारी सकाळपर्यंत दार बंदच होते. रविवारी दहाच्या सुमारास कपाटाचे यंत्र बंद पडले आणि आकडा चढत गेला. मोठ्या बाईंनी वहिनींची माफी मागितली. दोष यंत्राचा, आता विषय संपला, असे त्या म्हणाल्या.

चष्मेवाले गप्प राहिले असते, तर कोणालाच काही कळले नसते.

“विषय संपला नाही, बाई,” ते म्हणाले. “भोंगा नवी फाइल वाचत होता आणि ती रिकामी होती. बदल करताना नोंदी लिहिणाऱ्या प्रोग्रामला कळवायची ओळ माझ्याकडून राहिली. भोंगा वाजला असता तर लशी वाचल्या असत्या.”

मोठ्या बाईंनी ते लिहून द्यायला सांगितले. चष्मेवाल्यांनी तिथेच बसून लिहून दिले. माझी देखभाल काही दिवस दुसऱ्याकडे गेली. आता माझ्यात काही बदल केला, की कोऱ्या फाइलीत पहिली ओळ उमटेपर्यंत कोणी खोली सोडत नाही.

त्या दिवशी निघताना वहिनी दाराशी थांबल्या. चष्मेवाले खाली मान घालून म्हणाले, “वहिनी, मी तुमच्यावर संशय घेतला.”

“मीही तुमच्यावर घेतला,” त्या म्हणाल्या. “चला आता, घरी सगळे वाट बघताहेत.”

मित्रांनो, आम्हा यंत्रांवरची धूळ पुसा, आमच्यात बदल केलात तर दोन घटका थांबून नीट चालले आहे ना ते पाहा. आणि एखादी जागा रिकामी दिसली, तर माणसावर बोट ठेवण्याआधी एकदा आम्हाला विचारा. संशय घ्याच, पण तो उत्तर मिळेपर्यंतच ठेवा.