ओलं गवत कुठे जळतं?

शहात्तर सालच्या दिवाळीनंतर आमचे मालक भैयाजी दिल्लीचं शेतकी प्रदर्शन बघून आले आणि त्यांना इतिहासाचा झटका आला. लोक दिल्लीहून सर्दी आणतात, मिठाई आणतात. यांनी इतिहास आणला.

कोराडी रोडवर त्यांची दुग्धशाळा होती. एकशेचाळीस म्हशी, आणि म्हशींच्या चाऱ्यापासून भैयाजींच्या भाषणांपर्यंत सगळं निस्तरायला मी, अरुंधती, बी.एस्सी., स्टोअर क्लार्क. महिनाअखेरीस शहरातल्या कस्तूरचंद पार्कवर प्रदर्शन भरणार होतं. त्यात आपलाही स्टॉल लावायचा, आणि विषय काय, तर साठवलेलं गवत कापायच्या हत्यारांचा इतिहास.

"आदिमानव ते आपली दुग्धशाळा," भैयाजी म्हणाले. "अकरा फलक पाहिजेत."

"आदिमानव गवत साठवत नव्हता, भैयाजी. त्याच्याकडे म्हशी नव्हत्या."

"तुम्ही लिहा तर खरं. आदिमानव तक्रार करायला येतो का?"

लिहिलं. नोकरी होती. पहिल्या फलकावर आदिमानव नुसत्या हाताने गवत उपसतो आहे. पुढे विळा आला. मग कुऱ्हाड, जी वर्षभर दाबून बसलेल्या गवताच्या गंजीवर मारली की गादीवर मारल्यासारखी उलट उडते, तरी माणसं शेकडो वर्षं मारतच राहिली. मग कोणीतरी शहाण्याने रुंद पातं घेऊन त्याला आडवी मूठ बसवली आणि गंजीवर उभं राहून ते खाली रेटलं. गंजी बर्फीसारखी सरळ कापली गेली. कड शाबूत राहिली, आत पाणी शिरलं नाही. तो गंजीचा सुरा. इंग्रज गेले तेव्हा त्यांच्या घोड्यांच्या पागेतल्या सामानाचा लिलाव झाला होता. त्यात भैयाजींच्या वडिलांनी एक घेतला होता.

तोच एक आमच्याकडे होता, आणि तो चालवायच्या सिंधूताई. रोज सकाळी शिडी लावून गंजीवर चढायच्या, लुगड्याचा काष्टा आवळायच्या आणि म्हशींपुरता एक काप काढून द्यायच्या. आधी हे काम त्यांचे यजमान मारोतराव करत. नऊ वर्षांपूर्वी एक गंजी जळली. गंजी जळली म्हणजे गंजीवाल्याने बिडी टाकली, असा इथला कायदाच होता. मारोतरावांना त्याच दिवशी काढलं. त्यांनी जन्मात बिडी ओढली नव्हती, ते तंबाखू-सुपारीचा खर्रा खायचे. ते कोणी विचारलंच नाही. सिंधूताईंना 'दया म्हणून' रोजीवर ठेवलं, आणि ही दया भैयाजी वर्षातून दोनदा तरी बोलून दाखवायचे.

तर या भैयाजींनी प्रदर्शनासाठी दोन कामं केली. पहिलं, अकराव्या फलकावर नव्या गंजीचा फोटो हवा म्हणून सावनेरकडून आलेलं गवत वाळायच्या आधीच रचायला लावलं. फोटोग्राफरला तीच तारीख दिली होती ना! दुसरं, सुरा नेला. नेला तो नेला, त्याच्या पात्याला धारेसकट चंदेरी रंग मारला, मखमलीच्या पाटीवर तारेने बांधला आणि स्टॉलच्या मधोमध टांगला. "आठ दिवस विळ्यानं भागवा," म्हणाले. एकशेचाळीस म्हशींचं विळ्याने भागवा म्हणे!

प्रदर्शनाच्या तिसऱ्या दिवशी मी सकाळी दुग्धशाळेवर पोचते तर सिंधूताई फाटकातच उभ्या. हातात लांब लोखंडी सळई, पदरात धरलेली.

"बाई, हात लावून पाहा."

लावला आणि झटकन काढला. सळई चुलीतून काढल्यासारखी तापली होती. काल संध्याकाळी त्यांनी ती गंजीच्या पोटात खुपसून ठेवली होती. नवी गंजी रचली की त्या असं दर दोन दिवसांनी करायच्या. मारोतरावांकडून शिकल्या होत्या.

"गंजी तापून राहिली," त्या म्हणाल्या. "ओलं गवत दाबून ठेवलं का आत उकळी फुटते. मध्ये काप मारून गरम गवत भायेर नाही काढलं त अशीच पेटन. त्या साली असंच झालं होतं. हे तवाबी सांगत होते, कोनं आयकलं?"

"भैयाजींना सांगितलं?"

"काल सांगतलं. हासले."

मी ऑफिसातून फोन लावला. भैयाजी घरीच होते, आंघोळ करून भाषण पाठ करत होते.

"अरुंधतीबाई, तुम्ही सायन्सवाल्या! ओलं गवत कुठे जळतं? काडी भिजवून पेटवून बघा, पेटते का? गवताला आग लागते बिडीनं. त्या बाईवर लक्ष ठेवा फक्त. नवऱ्याचं झालं तसं तिचं व्हायला नको."

फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. आता काय होणार हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. गंजी पेटणार, बिडी सिंधूताईंच्या नावावर चढणार आणि त्यांची रोजी जाणार. घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं. आणि गंजी फोडायचं एकुलतं एक हत्यार मखमलीवर झोपलं होतं.

मी दुधाच्या गाडीत बसून कस्तूरचंद पार्क गाठलं. स्टॉलवर मुकुंद नावाचा स्वयंसेवक होता, छातीवर बिल्ला, चेहऱ्यावर कर्तव्य.

"लेखी परवानगीशिवाय वस्तू हलवता येत नाही, मॅडम."

"लेखी परवानग्या कोण लिहितं, माहीत आहे?"

"भैयाजी."

"मी लिहिते. भैयाजी सही करतात." तिथेच त्याच्या पेनने परवानगी लिहिली आणि सही माझीच ठोकली. त्याने कागद दोनदा वाचला, खिशात ठेवला आणि तार सोडवायला पक्कड आणून दिली. मखमलीवर सुऱ्याच्या आकाराची रिकामी जागा राहिली. तिथे मी चिठ्ठी लावली: 'हे हत्यार कामावर गेले आहे.' राग आला की माझं अक्षर फार सुंदर येतं.

परत आले तोवर सिंधूताईंनी गोठ्यातल्या गड्यांना पाण्याचे ड्रम भरायला लावले होते. आत हवा शिरली की भडका उडू शकतो, म्हणून आधी पाणी हाताशी आणि मग काप. सुरा हातात घेऊन त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला.

"कोनं माखलं हे?"

"शोभेसाठी."

"आग लागो त्या शोभेले," त्या म्हणाल्या आणि मग स्वतःच जीभ चावली. अर्धा तास दगडावर घासून त्यांनी तो चंदेरी रंग धारेवरून काढला. मी नुसती येरझारा घालत होते. त्या मात्र घाईने घासत नव्हत्या. घाईने घासलं की धार मरते, असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं.

मग त्या वर चढल्या. सुरा रेटला, हलवला, पुन्हा रेटला. खाली गडी काप ओढून बाजूला फेकत होते. पहिले दोन हात गवत चांगलं होतं. तिसऱ्या हाताला वाफ निघाली आणि करपलेल्या गुळाचा वास सुटला. गवत आधी तपकिरी झालं, मग तंबाखूसारखं, मग काळं. सिंधूताई खोकत होत्या, डोळ्यांना धारा लागल्या होत्या. मी खालून ओरडत होते, "उतरा आता, पुरे!" त्यांनी लक्षच दिलं नाही. बारा वाजता गंजीच्या मधोमध आरपार खिंड पडली आणि तिच्या तळाशी कोळसा झालेलं गवत धुमसताना दिसलं. गड्यांनी त्यावर ड्रम ओतले. सूं आवाज झाला, धूर निघाला आणि हळूहळू बसला. मला रडू येत होतं आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

तेवढ्यात भैयाजींची गाडी आली. पाहुण्यांनी स्टॉलवरची माझी चिठ्ठी मोठ्याने वाचली होती आणि चारचौघांत हसले होते. भैयाजी गाडीतून उतरले ते लालबुंद होऊन. मला काहीतरी बोलणार होते, पण त्यांची नजर खिंडीत गेली. ते जवळ आले. वाकून काळं गवत उचललं, बोटांत चुरडलं, नाकाशी धरलं. मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारलं:

"कोण बिडी ओढत होतं इथे?"

माणसाने चिडावं तरी किती! सिंधूताई शिडीवरून खाली आल्या. चेहरा काजळीने माखलेला.

"भैयाजी, वरून चांगलं हाय. चारही बाजूनं चांगलं हाय. जळलं ते पोटात. गंजीच्या पोटात बसून कोन बिडी ओढन?"

भैयाजींनी खिंडीकडे पाहिलं. वर पाहिलं, कडांना पाहिलं, पुन्हा तळाशी पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की आता ते या गंजीचा विचार करत नाहीत. नऊ वर्षांपूर्वीच्या गंजीचा करताहेत. हातातली राख त्यांनी रुमालाला पुसली.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "झालं गेलं गंगेला मिळालं."

"नाही मिळालं," सिंधूताई म्हणाल्या. "माह्या घरी खाटेवर बसून हाय. नऊ वर्षं झाली, घराभायेर निंगत नाही. बसमंदी लोक बिडीवाला म्हनतात म्हनून."

गडी ड्रम हातात धरून तसेच उभे राहिले.

"उद्या पाठव त्याला ऑफिसात," भैयाजी हळू आवाजात म्हणाले.

"ते नाही येनार. तुमालेच या लागन."

भैयाजींनी माझ्याकडे पाहिलं. मारोतरावांच्या दारात जाऊन काय बोलायचं, ते त्यांना माझ्याकडून लिहून हवं होतं. सहा वर्षांत त्यांच्या तोंडचा प्रत्येक शब्द मीच लिहून दिला होता. या वेळी मी पेन पर्समध्ये ठेवलं आणि सिंधूताईंना प्यायला पाणी आणायला गेले.